बसऱ्याला गेलेला माणूस : विस्मृत मोहिमांतले सैनिक आणि गावातली स्मारकं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोड या पट्ट्यात राहणाऱ्याला फौज नवी नाही. तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि कोणी मान वर करूनही बघत नाही. तरी याच जिल्ह्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आजोबांचा भाऊ किंवा पणजोबा 'लढाईला गेले ते आलेच नाहीत' एवढंच माहीत असतं. कोणती लढाई, कुठे, कधी, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. आम्ही पाच-सहा जण, त्यातले दोघे तोफखान्यातून निवृत्त झालेले, तालुक्यांत फिरून अशी नावं गोळा करतो आणि गावांना नावांच्या शिळा लावायला मदत करतो. लोक आम्हाला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत.

'विस्मृत मोहीम' म्हणजे नेमकी कोणती?

जिच्या नावाने शाळेत धडा नाही, चौक नाही आणि सुट्टीही नाही, ती. पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची मोहीम, म्हणजे आजचा इराक. त्याच युद्धातली पूर्व आफ्रिका. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर झालेली लढाई आणि नंतरचा इटलीतला नद्या ओलांडत केलेला प्रवास. स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत काँगोला गेलेले आपले जवान. आणि १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेली शांती सेना.

यांत एक गोष्ट सारखी दिसते. या मोहिमा दूर झाल्या, त्यांचा शेवट विजयाच्या मिरवणुकीने झाला नाही, किंवा ज्या सरकारने पाठवलं ते सरकारच पुढे राहिलं नाही. कारगिलच्या जवानाची अंत्ययात्रा आपण टीव्हीवर पाहिली. मेसोपोटेमियातल्या कूतला गेलेल्याची बातमी गावात पोस्टकार्डाने आली, तीही कधी कधी वर्षभराने.

नाशिकचा याच्याशी काय संबंध? ही तर सातारा-कोल्हापूरची गोष्ट ना?

सातारा, रत्नागिरीतून माणसं जास्त गेली हे खरं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले, म्हणून ते आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. पण नाशिक हा या सगळ्या ये-जा करण्याचा उंबरठा होता. देवळालीचा लष्करी तळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मायदेशी जाणारे गोरे सोल्जर इथे बोटीची वाट बघत थांबायचे. हंगाम चुकला तर महिनोन् महिने. रिकामपण, उकाडा, तापाची साथ यांत काहींची डोकी फिरत. इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीचा अपभ्रंश आहे.

मला हे नेहमी बोचतं. त्यांच्या नुसत्या वाट पाहण्याचा एक शब्द झाला आणि शब्दकोशात गेला. इथल्या माणसाच्या मरणाची एक ओळ गावच्या चावडीवर नाही.

आपल्या शेजारचंच सांगायचं तर सिन्नरहून पुढे गेलं की संगमनेर तालुक्यातलं निमज लागतं. तिथले नामदेव जाधव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीच्या काठी त्यांनी गोळीबारातून जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून बाहेर काढलं, मग एकट्याने शत्रूच्या मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. नाशिक-पुणे रस्त्याने रोज शेकडो गाड्या जातात. त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

ते इंग्रजांसाठी लढले. त्यांचं स्मारक आपण कशाला करायचं?

हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो आणि तो यायलाच हवा. आम्ही तो टाळत नाही.

पहिल्या महायुद्धात शिपायाला महिना अकरा रुपये पगार होता. त्याआधीची वीस वर्षं आठवा. १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ, मग प्लेग. दोन एकर कोरडवाहू आणि खाणारी आठ तोंडं असलेल्या घरातला थोरला मुलगा पलटणीत जातो, तेव्हा तो साम्राज्यासाठी जातो की घरच्या चुलीसाठी, हे मी बसल्या जागेवरून ठरवू शकत नाही. युद्ध करायचं की नाही, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता कूतचं बघा. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेने टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा गावाला वेढा घातला. आत जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन होती. तिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जवळपास पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे-खेचरं कापायला सुरुवात झाली. आपल्या शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवण्यात आली, तरी बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत मुठीत मावेल एवढ्या पिठावर राहिले. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, स्कर्व्हीने माणसं अंथरुणाला खिळली. वेढा फोडायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. पुढे वाळवंटातून चालत नेताना आणि रेल्वेच्या कामावर हजारो कैदी मेले.

अशा माणसाला 'इंग्रजांचा शिपाई' म्हणून एका वाक्यात निकालात काढणं मला जमत नाही. स्मारक त्या माणसाचं करायचं, इंग्रजांच्या राज्याचं नाही. शिळेवर मुकुट कोरू नका, 'महान युद्ध' वगैरे लिहू नका. युद्ध कोणाचं होतं तेही सरळ लिहा. पण आपला माणूस आपणच नोंदवायचा, दुसरं कोण नोंदवणार?

पण त्यांची स्मारकं तर जगभर आहेत, असं वाचलं. मग नावं हरवली कशी?

स्मारकं आहेत, आणि भव्य आहेत. फ्रान्समध्ये न्यूव शापेलला आहे, दिल्लीचं इंडिया गेट आहे. इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, पण पहिल्या महायुद्धात मेलेले भारतीय सत्तर हजारांच्या वर होते.

सगळ्यात मोठी हकिगत इराकमधल्या बसऱ्याची. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर किंवा चिता यांचा पत्ता नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी तिथे १९२९ साली स्मारक उघडलं. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, अगदी साध्या शिपायापर्यंत. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावं कोरली. आणि शिपाई, नाईक, हवालदार? पलटणीच्या नावाखाली एक ओळ : 'आणि इतर इतके भारतीय सैनिक'. आकडा. बस.

आता याच्या शेजारी आपल्याकडचा भीमा कोरेगावचा स्तंभ ठेवून बघा. त्याची पायाभरणी १८२१ ची. त्यावर कंपनीच्या फौजेतल्या ४९ मृतांची नावं आहेत, त्यांतली २२ महार शिपायांची, 'नाक' हा प्रत्यय लावून. त्या लढाईबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो. १८२१ मध्ये साध्या शिपायाचं नाव दगडावर येऊ शकत होतं आणि शंभर वर्षांनी तेच इंग्रज म्हणाले की यांच्यासाठी आकडा पुरे. म्हणजे नावं कोरणं जमत नव्हतं असं नाही.

ज्या संस्थेने ही स्मारकं उभारली, त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये आपल्या चौकशी अहवालात हे मान्य केलं. मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावानिशी नोंद झाली नाही, किंवा मुळीच नोंद झाली नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकतो, असं तो अहवाल सांगतो. माफीही मागितली गेली. चांगलं झालं. पण माफी लंडनमध्ये मागितली जाते आणि रिकामी जागा बागलाणमधल्या एखाद्या वाड्यात असते.

घरात एवढंच सांगतात की 'पणजोबा बसऱ्याला गेले'. शोध कुठून सुरू करू?

देवघरापासून. खरंच सांगतो. जुनी ट्रंक, देवघराचा खालचा कप्पा, माळ्यावरचं पितळी डबडं. पदक सापडलं तर भिंगाने त्याची कड बघा. त्या काळच्या बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. चांदणीच्या आकाराचं पदक असेल तर मागची बाजू बघा. पलटण कळली की अर्धं काम झालं.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्या. बसऱ्याला दगडावर नसलेली पुष्कळ नावं तिथल्या नोंदींत आहेत. काही नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. दोन अडचणी हमखास येतात. जिल्ह्याचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, 'नासिक' असं आहे. आणि गावांची नावं गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, तेव्हा ती मोठ्याने वाचून बघा. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव अशी नावं तर प्रत्येक तालुक्यात. वडिलांचं नाव जुळल्याशिवाय आपला माणूस सापडला असं समजू नका.

बंदूक चालवणारेच गेले असंही धरून चालू नका. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी, हमाल असे 'फॉलोअर' म्हणून गेलेले असंख्य होते. त्यांची नोंद वेगळ्या यादीत सापडते.

स्वातंत्र्यानंतरचा जवान असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र जातं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, आणि तोफखान्याचं तर इथेच नाशिकरोडला.

घरी एक गोल ब्राँझची थाळी आहे, त्यावर बाई आणि सिंह आहे. ती काय आहे?

हात जोडा आणि जपून ठेवा. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला इंग्रज सरकारने पाठवलेली ती स्मृतिचकती आहे. व्यास सुमारे १२ सेंटीमीटर. त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, पायाशी सिंह, आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत मृताचं पूर्ण नाव. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, शिपाई आणि कर्नल दोघांनाही सारखीच.

दिंडोरी तालुक्यातल्या एका घरी मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून होती. शंभर वर्षं. चार पिढ्यांच्या हातांनी घासून ब्रिटानियाचा चेहरा सपाट झाला होता, पण नावाची अक्षरं बोटाला लागत होती. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून ते त्यांच्याच पणजोबांचं नाव आहे हे कोणाला कळलं नव्हतं. मी ते वाचून दाखवलं. म्हाताऱ्या काकूंनी तांब्यावर दुसरं झाकण ठेवलं आणि चकती धुऊन देवघरात नेली.

ती भंगारात देऊ नका, पॉलिशही करू नका.

आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. अक्षरं दिसत नाहीत. ऑइलपेंटने रंगवावी का?

नको. असिड नको, तारेचा ब्रशही नको. चुन्याचे थर आणि निवडणुकीच्या पोस्टरची खळ साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने हळूहळू काढा, दोन दिवस लागले तरी चालतील. अक्षरं वाचायची असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी पाटीच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून धरा. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेषेत सावली भरते आणि दिवसा कोरी वाटणारी पाटी वाचता येते.

बहुधा मजकूर असा निघेल : या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सरकारने अशा पाट्या गावोगाव बसवल्या. त्यातही आकडाच आहे, नावं नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो की जुनी पाटी आहे तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी नावांची नवी शिळा लावा.

श्रीलंकेत गेलेल्यांचं स्मारक कुठे आहे?

एक झालं ते कोलंबोलगत, श्रीलंकेच्या संसदेजवळ, २००८ साली. जाफन्याजवळ पलालीलाही एक आहे. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झालं २५ फेब्रुवारी २०१९ ला. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं आहेत, त्यांत शांती सेनेचीही. म्हणजे ज्या देशात आपली माणसं पडली, त्या देशाने त्यांची नावं आपल्या अकरा वर्षं आधी दगडावर कोरली.

२९ जुलै १९८७ ला करार झाला, फौज शांतता राखायला गेली आणि ऑक्टोबरात 'ऑपरेशन पवन' सुरू होताच ती लढाईत ओढली गेली. पहिली मराठा आणि आठवी महार या आपल्या पलटणी तिथे होत्या. आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री वेढ्यात सापडल्यावर, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी अतिरेक्याच्या हातातली रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर साडेअकराशेच्या वर जवान गेले होते. परतणाऱ्यांचं स्वागत थंड होतं, कारण तोवर राजकारण बदललं होतं.

आमच्यातला एक जण तिथे होता. तो त्याविषयी बोलत नाही, फक्त नारळाच्या दाट बागेतून रस्ता जात असेल तर मोटारसायकल हळू करतो.

तुमच्या गावचा जवान श्रीलंकेत गेला असेल तर त्याची आई, पत्नी, भावंडं आज हयात असू शकतात. पहिल्या महायुद्धाचं काम थोडं थांबेल. हे आधी करा.

लढाईत नाही, पण आजाराने किंवा अपघातात गेला. त्याचं नाव घालावं का?

घालावं. मेसोपोटेमियात कॉलरा, उष्माघात आणि तापाने मेलेल्यांची संख्या मोठी होती. कॉमनवेल्थ कमिशनही ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना गेलेल्या सगळ्यांना मोजतं. कागदोपत्री निकष सरकारचे असतात, गावाने एवढं काटेकोर होऊ नये.

'शहीद' लिहावं की 'हुतात्मा'?

'शहीद' हा लष्कराचा अधिकृत शब्द नाही. लष्कराने २०२२ मध्ये तो टाळायला सांगून 'सर्वोच्च बलिदान' यासारखे पर्याय सुचवले. 'हुतात्मा' म्हटलं की आपल्या कानाला संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐकू येतो. माझी आवड विचाराल तर आपल्या बखरींत एक शब्द आहे : 'कामी आले'. शांत शब्द आहे. 'कूत येथे कामी आले' एवढं लिहिलं की पुरे होतं.

पुतळा चांगला की शिळा?

शिळा. पुतळ्याला शासनाची परवानगी लागते, खर्च मोठा आणि देखभाल कायमची. शिळेसाठी ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा उतारा आधी हातात घ्या, रस्त्याच्या हद्दीत चौथरा बांधू नका. दगड आपलाच काळा बेसाल्ट वापरा आणि अक्षरं खोल कोरून घ्या. चिकटवलेली धातूची अक्षरं पाच पावसाळ्यांत गळतात. देणगीदारांची नावं त्या शिळेवर नकोत, यावर आम्ही हटून बसतो.

वेशीवरचा वीरगळ हेही स्मारकच ना?

तेच तर आपलं मूळ स्मारक, पडलेल्या वीराचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, कधी गाई दाखवलेल्या, म्हणजे तो गोधन राखताना पडला. वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याच्या वर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. शेंदराचे थर चढत चढत तो गावाचा देव होतो. वीरगळ उचलून नव्या चौथऱ्यावर बसवू नका, तो जिथे आहे तिथे ठेवा, फक्त त्याच्यावर बांधकामाचं साहित्य टाकणं थांबवा.

अभिवादन कोणत्या दिवशी करावं?

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, आणि कूतचा वेढा पडला तोही त्याच तारखेला. शाळा सुरू असते, मुलं येतात. पण माझ्या मनात धुळवड आहे. त्या दिवशी नाशकात वीर नाचवतात. घराण्यातल्या वीराचा टाक देवघरातून निघतो, गोदावरीवर स्नान होतं, लहान पोरांना वीराचा पोशाख चढतो. पूर्वजाला वर्षातून एकदा घराबाहेर काढून त्याच्याबरोबर नाचायची रीत ज्या गावात आहे, तिथे बसऱ्याला गेलेल्याचं नाव त्या दिवशी घेतलं तर ते परकं वाटणार नाही. सिन्नर भागातल्या एका घराने टाकाशेजारी पणजोबांचं पदक ठेवायला सुरुवात केली आहे.

बसऱ्याला जाऊन दर्शन घेता येईल का?

अवघड आहे. स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नेलं गेलं. जवळ जायचं असेल तर पुण्याला खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जा. पश्चिम भारतातल्या छावण्यांत गेलेल्यांची आठवण तिथे नीट राखली आहे.

शिळेवर नाव कसं लिहावं? काही चुकलं तर?

नंबर, हुद्दा, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पलटण, ठिकाण, तारीख. क्रम मृत्यूच्या तारखेचा ठेवा. हुद्द्याने लावला की सुभेदार वर आणि भिस्ती खाली जातो, आणि जातीने किंवा वस्तीने लावायचा आग्रह कोणी धरला तर सरळ नाही म्हणा. कोरण्याआधी मजकूर कागदावर मोठ्या अक्षरांत छापून आठ दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, आणि सासरी गेलेल्या लेकींना मुद्दाम कळवा.

ही शेवटची गोष्ट आम्ही एकदा केली नव्हती. १९८७ मध्ये गेलेल्या एका जवानाची शिळा होती. कागदपत्रांवरून मजकूर घेतला, गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी 'बरोबर' म्हटलं, पाथरवटाने कोरला. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांची धाकटी बहीण निफाडहून आली. तिने पदराने दगड पुसला, एकेक अक्षरावरून बोट फिरवत वाचलं आणि मधल्या नावावर थांबली. ते तिच्या चुलत्यांचं नाव होतं, वडिलांचं नाही. भरती होताना घरातला कर्ता पुरुष म्हणून चुलत्यांनी सही केली होती आणि तेच पुढे सगळ्या कागदांवर चढलं होतं. ती रागावली नाही. 'दादाला हे कधी आवडलं नसतं,' एवढंच म्हणाली.

तो दगड आम्ही उतरवला. नवा कोरायला पाथरवटाने पैसे घेतले नाहीत. या वेळी ती तिथेच पोत्यावर बसून होती, वडिलांच्या नावाचं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत.